जागी झालेली तुती

दारातली तुती आता राहत नाही, हे आईने कबूल केलं तेव्हा निम्म्या फांद्यांच्या काठ्या झाल्या होत्या. रोग लाकडातच होता. आसपासच्या सगळ्या तुती त्याने आधीच गिळल्या होत्या. लोकांनी डहाळ्या दुसरीकडे नेऊन खोचल्या, कलमं बांधली. रोग बोट धरून सोबत गेला आणि रोपांनी हाताएवढी होता होता माना टाकल्या. औषध नव्हतं. कधीतरी निघेल, असं जाणते म्हणत. कधीतरी म्हणजे कधी, ते कुणी म्हणत नसे.

लेक कामाला होती तिथे या कधीतरीचीच राखण चालायची. फांदीवर पानांच्या बगलेत जे डोळे असतात, ज्यातून पुढे कोंब फुटतो, ते तिथे द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवत. त्या फुगीर पोटाच्या स्टीलच्या टाकीला सगळे रांजण म्हणत, आणि लेकीचे हात बारा महिने गार असत म्हणून तिला गारठाबाई. रांजणात ना ऊन शिरतं, ना रोग वाढतो, ना वय. आज निजवलेला डोळा नातवंडांनी उठवला तरी डोळे चोळत उठेल, असं ती नव्या माणसांना कौतुकाने सांगायची.

अट एकच, डोळा झोपलेला हवा. ऐन थंडीत झाड अंगातलं पाणी आवरून निजतं. तेव्हा डोळ्याला हळूहळू सुकवत, हळूहळू गारवत नेलं, तरच तो त्या भयंकर थंडीतून तरतो. जाग्या डोळ्यात पाणी भरलेलं असतं. गोठताना त्या पाण्याचे सुळे होतात आणि डोळा आतून फाटतो.

म्हणून तिने आईला फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं. झाड तोडणारी माणसं येण्याआधी शेंड्याच्या बऱ्या डहाळ्या काढ, ओल्या फडक्यात गुंडाळ, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव. रजा मिळाली की मी न्यायला येते, तुलाही आणि त्यांनाही. झाड गेल्यावर घराला कुलूप लावायचं आणि आईने लेकीकडे राहायला यायचं, असं दोघींचं ठरलं होतं. आईचे गुडघे आता जिन्याला शिव्या घालत. आई म्हणाली होती, कळलं गं, तुला वाढवलंय मी, डहाळ्यांचं काय एवढं.

माणसं आली. झाड तोडलं, बुंधा मुळासकट उपटला, तिथेच जाळला. आई दार लावून आत बसली होती.

लेक पोचली ती थेट फ्रिजकडे गेली. खालच्या कप्प्यात गाजरं होती. डहाळ्या शेगडीशेजारी होत्या, पितळी तांब्यात, कोमट पाण्यात, लग्नाला निघाल्यासारख्या. डोळे टपोरले होते. खवले उकलून प्रत्येकातून हिरवं टोक डोकावत होतं.

आईने सगळं रंगवून सांगितलं. भाजी काढायला फ्रिज उघडावा तर त्या तशा फडक्यात, तिरडीवर बांधल्यासारख्या. बघवेना. मग तिने त्यांना उबेला आणलं, सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं, आणि घरात दुसरं कुणी ऐकायला नाही म्हणून त्यांनाच गाणं म्हटलं:

ऊठ ऊठ तुतीबाई, ऊन आलं गं दारात
पोरं उभी अंगणात, ओठ जांभळे कराया

"बघ," आई म्हणाली, "मरायला टेकलेली पोर उठवली की नाही?"

"उठवलीस," लेक म्हणाली. तिने डहाळ्या पुन्हा ओल्या फडक्यात घेतल्या. आईला म्हणाली, खोली नीट लावते आणि तुला न्यायला परत येते.

कामावर चष्मेवाल्या बाईंनी, म्हणजे तिच्या वरिष्ठांनी, फडकं उलगडलं आणि लगेच झाकलं. हे तर उठून बसलेत, त्या म्हणाल्या. गारठाबाईलाही ते ठाऊक होतं. डोळा एकदा जागा झाला की थोपटून निजत नाही. तरी तिने एकेक डोळा कापला, सुकवला, पायरी-पायरीने गारवला, नळ्यांत भरून रांजणात सोडला. बाईंनी अडवलं नाही.

मग तपासणी. काही डोळे बाहेर काढायचे, ओल्या शेवाळात हळूहळू उबेला आणायचे आणि उभे चिरायचे. आत हिरवा तो जिवंत. तिने पहिला चिरला. आत तपकिरी. दुसराही तपकिरी. मग ती एकेक नळी काढत गेली, सगळे तपकिरी. शेवटी एकच नळी उरली.

"ही राहू दे म्हणालीस तर राहू देते," बाई म्हणाल्या. "रांजणात तेवढी जागा आहे. पण कशासाठी राहू द्यायची, ते तू सांग."

ती नळीही तिने स्वतःच काढली, आतला डोळा उबेला आणला, चिरला. तोही तपकिरी.

आईचा फोन आला तेव्हा ती हात धूत होती.

"निजली का गं नीट?"

खरं सांगायचं तर कुणी मारलं तेही सांगावं लागणार होतं. "निजली," लेक म्हणाली.

आई म्हणाली, तर मग मी येत नाही तुझ्याकडे. औषध निघालं की ती येणार, दारात कुणी नको? लेकीने खोलीतला आईसाठी आणलेला पलंग सांगितला, गुडघे सांगितले, औषधाला वर्षानुवर्षं लागतील हेही सांगितलं.

"लागू देत. मला कुठे जायचंय? तुतीचा खड्डा बुजवायला माणसं आली होती, परत पाठवली मी त्यांना. फक्त कडा ढासळतात. दगड लावू का कडेने?"

लेकीने नळ बंद केला.

"लाव," ती म्हणाली. "मोठे खाली, लहान वर. आणि एकटीने उचलू नकोस."