दिवसभर एंगेज

काशीदच्या बाळारामांकडे तेव्हा फोनची लाइन एकच होती आणि कॉम्प्युटर दोन. मोडेम पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला होता. त्यांच्या मुलाने, हर्षदने, तिथून भिंतीतून वायर काढून आतला कॉम्प्युटरही नेटवर आणला होता. आतला त्याच्या बहिणीचा, क्रांतीचा. क्रांतीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. फोन तिच्या काही कामाचा नव्हता. नेट आलं आणि ती लांबच्या मैत्रिणींशी बोलू लागली.

त्या रविवारी पालीहून होकार-नकाराचा फोन यायचा होता. तिथले मितेश आणि त्याचे वडील दिनानाथ आठवड्यापूर्वी क्रांतीला बघून गेले होते. मितेशलाही ऐकू येत नव्हतं. निघताना त्याने तिचा ईमेल तेवढा लिहून घेतला होता.

बाळाराम सकाळपासून फोनजवळ बसून होते. हर्षद पुढच्या कॉम्प्युटरचा नुसता पडदा बंद करून बाहेर गेला होता, त्यामुळे कॉम्प्युटर बंदच वाटत होता.

"उचलून बघा तरी, चालू हाय का," त्यांची बायको जनी म्हणाली.

"नको. नेमका तेव्हाच आला तर?"

संध्याकाळी दारात दिनानाथच उभे राहिले, घामाघूम.

"जयभीम. अहो, तुमचा फोन सकाळधरनं एंगेज! घरचा पोराने अडवलेला, म्हणून बूथवर गेलो. शेवटी एसटीत बसलो."

"एंगेज? मी हात पण लावला न्हाय!"

जनी आत डोकावून हसत बाहेर आली. "क्रांती बसलीय नेटवर. मितेशसंगं. दोघांनी दोन्हीकडचे फोन अडवलेत."

दिनानाथ हसले नाहीत. "खरं सांगतो, दादा. फोनवर न्हाय म्हणणार होतो. लागेना, तसं वाटलं, तोंडावर सांगावं. पोरगी चांगलीच हाय. पण दोघांनाही ऐकू येत न्हाय. बाळ रडलं तर कळणार कोणाला?"

आतल्या दारात उभ्या क्रांतीने दिनानाथांचे ओठ वाचले होते. तिने दिनानाथांना हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, मितेशला 'तुझे बाबा आलेत' असं लिहिलं आणि कीबोर्ड पुढे सरकवला.

मुलाची खुणांची भाषा दिनानाथ कधी शिकले नव्हते. जेवलास का, कुठे चाललास, एवढंच दोघांचं बोलणं. त्यांनी एका बोटाने अक्षरं शोधत तोच प्रश्न लिहिला.

उत्तर लगेच आलं. "बाबा, पाळण्याजवळ माइक लावायचा. बाळ रडलं की उशाशी दिवा पेटेल. मी बनवतोय. क्रांती म्हणते स्वयंपाकघरात पण एक हवा. सकाळपासून त्यावरच भांडतोय."

दिनानाथांनी ते पुन्हा वाचलं. मग दुसरा प्रश्न लिहिला, तिसरा लिहिला. त्यांचं बोट पुढचं अक्षर शोधेपर्यंत तिकडून दोन-दोन ओळी येत होत्या.

"हा इतकं बोलतो?" ते स्वतःशीच म्हणाले. मग दाराकडे वळून म्हणाले, "वहिनी, चहा टाका. आमच्याकडून हो हाय."

बाळारामांनी डोळे पुसले. जनीने चहाबरोबर रात्रीसाठी तांदूळही जास्त घेतले. शेवटची एसटी निघून गेली होती. दिनानाथांचं तिकडे लक्षच नव्हतं. मितेशने काहीतरी विचारलं होतं आणि ते अक्षरं शोधत होते.