हळदीखालचा सोमवार

मित्रांनो, मी एक जुनं भिंग बोलतोय. पितळी कड, शिसवी मूठ. सौंसरच्या दामिनी वकिलांनी पहिल्यांदा काळा कोट घातला, त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी मला त्यांच्या हाती दिलं.

दामिनीताई डॉक्टर, इंजिनियर, कंपन्या यांच्या बाजूनं लढतात. लोक टोमणे मारत, "मोठ्या लोकायचीच वकील हाय तू!"

ताई फटकारत, "मोठा माणूस खोटाच असते, हे कोन्या कायद्यात लिवलं हाय? दाखव मले!"

करारांतली मुंगीएवढी अक्षरं मी ताईंना दाखवली. कापसाच्या जिनिंग कारखान्याची केस जिंकल्यावर त्यांनी मला पदरानं पुसलं होतं. मग मोबाइल आला आणि मी खणात पडून राहिलो.

मागच्या वर्षी पांढुर्ण्याच्या डॉक्टर अपर्णा आल्या, चेहरा उतरलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या खेळात, दगड लागून सावरगावच्या वीरेंद्रचं मनगट मोडलं. त्यांनी प्लास्टर घातलं. तो फिरकलाच नाही. दोन महिन्यांनी घरीच प्लास्टर कापलं, तर बोटं आखडलेली. डॉक्टरनं परत बोलावलंच नाही, अशी त्याची तक्रार होती.

"कागद हरवतात, म्हणून परत यायचा वार मी प्लास्टरवरच लिहिते. पण ते प्लास्टर आता कुठं? लोकं वाट्टेल ते बोलून राहिले, ताई. हरले तर दवाखाना बंद करीन."

"बंद कशाला? मी हाय ना!"

वीरेंद्रनंच पुराव्यात जोडलेला प्लास्टरचा फोटो ताईंनी मोबाइलवर घेऊन मोठा केला. नुसता पिवळा डाग. तेव्हा त्यांनी खण उघडला.

छिंदवाड्याच्या ग्राहक फोरमात ताईंनी मला त्या मूळ छापील फोटोवर धरलं. "वाचा बरं, वीरेंद्रभाऊ."

तो वाकला. "सोमवारी... दाखवा." त्यानं मागं बसलेल्या आईकडं पाहिलं. "माय, तू हळद फासून देली होती ना याच्यावर?"

"दुखते म्हनत होता ना बापू," जयवंताबाई पुटपुटल्या. "मंग वरूनच लावली."

सारे हसले. जयवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

तक्रार फेटाळली गेली. बाहेर येताच डॉक्टरांनी वीरेंद्रचा हात हाती घेतला, एकेक बोट वाकवून पाहिलं. "उद्यापासून व्यायामाला या. सुटतील बोटं."

वीरेंद्र हसला. "लिवून द्या, डॉक्टरीनबाई. पण मायच्या हातावर लिवा!"

मित्रांनो, मी आता ताईंच्या टेबलावरच असतो. मला खरबरीत फडक्यानं पुसू नका, काचेला चरे पडतात. आणि कुणावर ठपका ठेवायच्या आधी जरा वाकून बघा. डॉक्टर अपर्णांचा दवाखाना आज सकाळीही उघडला, तो त्या वाकून बघण्यामुळंच.