मागचं चाक

पुनाने तो फोटो दाखवला नसता तर त्या रविवारी आम्ही नेहमीसारखे लळिंगपर्यंत गेलो असतो, किल्ल्याखाली भजी खाल्ली असती आणि दुपारच्या जेवणाला धुळ्यात परत आलो असतो. पण पुना पडला शिंपी. सुरतेहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यात त्याला कुठल्याशा इंग्रजी मासिकाचं पान सापडलं आणि त्याने ते दुकानात आरशाशेजारी चिकटवलं. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, मधून लाल मातीची वाट, आणि त्या वाटेवर गोरे लोक सायकली आडव्या टाकून हातात प्याले घेऊन बसलेले.

"नाना, दख," तो मला म्हणाला. "ह्या लोके सायकल चालावतस, द्राक्ष खातस नि त्यानीच दारू पेतस. आपण काय करतस? भजी खातस."

मी म्हटलं, तुझ्या बायकोला हे पान दाखवलंस का? त्यावर त्याने विषय बदलला.

आमच्या सायकलवाल्या मंडळाला नाव नव्हतं. मी चिंधा, मित्रांचा नाना, टायपिंगचा क्लास चालवतो, वजन सांगत नाही. पुनाने नुकतीच जाड टायरची नवी रेंजर सायकल घेतली होती आणि तिला तो पोटच्या पोरीपेक्षा जास्त पुसायचा. तिसरा लीलाधर, जिल्हा परिषदेत हेडक्लार्क, वडिलांच्या वेळच्या काळ्या सायकलवर ताठ बसणारा आणि दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस. माझा आणि त्याचा एवढाच वाद, की तो चढावर कधी उतरत नाही आणि मी कधी चढत नाही.

द्राक्षं जवळपास कुठे मिळणार, यावर पुनाची आणि माझी चर्चा चालू होती. नाशिक लांब. तेवढ्यात लीलाधरने तोंड उघडलं.

"मोरदऱ्याले बागा शेतस."

मोरदऱ्याला आणखी काय आहे ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. साक्रीच्या पुढे डोंगराच्या कुशीतलं ते गाव म्हणजे लीलाधरच्या एकुलत्या एका मुलीचं, प्रमिलाचं सासर. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि लग्नानंतर लीलाधरने त्या गावात पाऊल ठेवलं नव्हतं. आमच्याकडची रीत अशी, की मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरच्या गावात अन्नपाणी घ्यायचं नाही. प्रमिलाला अजून मूल नव्हतं. नुसतं जाऊन यायला कुणाची हरकत नसते, पण खानदेशात व्याह्याच्या ओट्यावर बसायचं आणि पाणीसुद्धा नको म्हणायचं म्हणजे दोन्हीकडच्यांना शिक्षा. म्हणून लीलाधर जात नसे, प्रमिलाच सणाला यायची. या वर्षी ऐन दिवाळीत बागेची छाटणी आली आणि तीही आली नाही. वर्ष होऊन गेलं, बापाने लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. या मुलीला त्याने एकट्याने वाढवलं, वेण्या घातल्या, पोलीस ग्राउंडवर कॅरिअर धरून धावत धावत सायकल शिकवली.

"मी जावईकडे जात नही," तो आमच्याकडे न बघता म्हणाला. "मंडळ जाई राह्यनं. मी मंडळसंगे शे."

मंडळाने लगेच ठराव पास केला.

फेब्रुवारी संपत आला होता. सकाळच्या पहिल्या एसटीच्या टपावर सायकली बांधून आम्ही साक्रीला उतरलो आणि तिथून टांग मारली. लीलाधरने हँडलला पाण्याची कॅनव्हासची छागल लटकवली होती, काठोकाठ भरलेली. जाताना आणि येताना तिच्यावरच भागवायचं, हा त्याचा बेत मी न विचारता ओळखला. पुना गाणी म्हणत पुढे. डांबरी रस्ता सरळ मोरदऱ्याला जात होता, पण रेंजर घेतलेल्या माणसाला सरळ रस्ता कसा चालेल? त्याने डोंगरावरून जाणारी बैलगाडीची वाट धरली. चढावर मी सायकल ढकलली, माझं पाणी संपवलं आणि मग पुनाचंही संपवलं. त्या गोऱ्या लोकांच्या फोटोत चढ का दिसत नव्हता, हे मी पुनाला तीनदा विचारलं.

माथ्यावर शेंदूर फासलेला एक धोंडा होता, मोरदऱ्याच्या शिवेचा. खाली गाव, आणि गावाभोवती द्राक्षांचे मांडव, अगदी फोटोतल्यासारखे. पुना हर्षाने आडवाटेला घुसला आणि त्याच्या जाड टायरमध्ये बाभळीचा काटा घुसला. हवा गेल्याचा आवाज मला दहा पावलांवरून ऐकू आला.

पंक्चरचा डबा होता, सोल्युशन होतं, रबराचे तुकडे होते. पण छिद्र सापडेना. कानाशी ट्यूब धरली तर वारा. थुंकी लावून पाहायची म्हटलं तर तिघांच्या तोंडाला कोरड. मग आम्ही नेहमी करतो तेच केलं. माझ्या जेवणाच्या डब्याचं मोठं झाकण उलटं ठेवलं, लीलाधरने छागल सोडली आणि पाणी ओतलं. ट्यूब फिरवली, बुडबुडे आले, पुनाने टाळी दिली. पाणी गढूळ झालं म्हणून पुन्हा ओतलं, कारण काट्याने दोन ठिकाणी करामत केली होती. "वत, वत," पुना म्हणत होता, "गाव ते हाई काय, समोर शे. तठे पाणी पिऊत." आणि लीलाधर ओतत होता. छागल पार लोंबायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी लीलाधरकडे पाहिलं. तो कानशीने रबर घासत होता. त्याला आधीपासून माहीत होतं, आणि तरी मित्राची सायकल अडली म्हणून त्याने ओतलं. मला त्याचा असा राग आला की मी सरळ पुढे निघून गेलो. उतार होता म्हणून जमलं.

मोरदऱ्यात पोचलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. जावई अभिमन द्राक्षांचा ट्रक घेऊन सुरतेला गेलेला. त्याची आई वच्छलाबाई ओट्यावर पेट्यांत कागद घालत बसली होती. बाई उंच, आवाज खणखणीत. व्याही सायकलवर आलेले बघून ती हसली नाही की बिचकली नाही. आत बघून तिने हाक मारली आणि प्रमिला पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. बापाला पाहून ती दारातच थांबली. तांब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं.

पुनाने आणि मी तो तांब्या रिकामा केला, हे मी लपवत नाही. दुसरा भरून आला. वच्छलाबाईने तो स्वतः लीलाधरपुढे धरला.

"उन्हमा उनात तुम्ही. पानी ल्या."

"नको, विहीणबाई. तहान नही शे."

त्याच्या ओठांना पांढरी साय धरली होती. शब्द टाळूला चिकटत होते. प्रमिलाने द्राक्षांचं ताट आणलं, हिरवे, टपोरे घड, धुऊन ठेवलेले. त्याने घडाला बोट लावलं आणि ताट पुनाकडे सरकवलं. प्रमिला खांबाला टेकली. वर्षाने भेटलेली दोघं एकमेकांकडे न बघता बसली होती आणि मधे ते ताट. मला घास गिळवेना. पुनाला गिळवत होता, पण तोही सावकाश खायला लागला.

शेवटी वच्छलाबाईचा बांध फुटला. "तीन वरीस व्हई ग्यात. मन्हा घरनं पानी काय जहर शे?"

प्रमिला आत वळली. मीही तोंड घातलं. म्हटलं, लीलाधर, नव्वद साल लागलं, आता कोण पाळतो हे. तुझा जीव चाललाय. पी गुमान.

तेव्हा तो बोलला. चार वाक्यांच्या माणसाने सगळी वाक्यं एकदम काढली. आवाज मात्र खाली होता, प्रमिला आत गेल्याची खात्री करून.

"रीतनं माले काही नही, नाना. मी आज आठे पानी पी लिसू, नि उद्या गाव म्हनी, बापनी बी आस सोडी दिन्ही. आते हिले मूल व्हत नही, बापलेच पटनं. ते तिना कानवर जाई. तिना बापनी आस सोडेल नही शे."

वच्छलाबाई तांब्या हातात धरून उभी राहिली. मग तिने तो हळूच खाली ठेवला. तीन वर्षांत शेजारणींनी तिच्याही कानात काय काय ओतलं असेल, ते तिचं तिलाच माहीत. आणि प्रमिला आत गेली नव्हती, दाराच्या आडच होती. ते तिच्या बांगड्यांनी सांगितलं.

बाईने डोंगराकडे, शिवेच्या धोंड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "शीवना पल्याड कोनी रीत? तो धोंडा वलांडा का ते मन्हं घर नही नि मन्हं गाव नही. तठे बाप पोरना हातनं जेवस."

"गाडी?" मी विचारलं. गाडीबैल पेट्या वाहायला बागेत गुंतलेले आणि आम्हाला साक्रीची एसटी धरायची होती.

वच्छलाबाईने दाराकडे तोंड केलं. "प्रमिला, तुले सायकल येस ना?"

 आतून अगदी बारीक आवाजात, "येस, आत्याबाई."

"मंग चाल. बठ्ठं बांधी ले."

पुढचं सगळं झपाट्याने झालं. कळण्याच्या भाकरी, ठेचा, ताकाची बरणी आणि द्राक्षं कापडात बांधून रेंजरच्या कॅरिअरला कसली गेली. छागल काठोकाठ भरून हँडलला. पुना पाहत राहिला. त्या सायकलवर तो मला हातसुद्धा ठेवू देत नसे. प्रमिलाने बागेत काम करताना खोचतात तशी साडी खोचली आणि तिरक्या दांड्यावरून पाय टाकला. मोरदऱ्यात सुनेने सायकलवर बसायची ती पहिलीच वेळ असणार, कारण गल्लीतल्या सगळ्या ओट्यांवर माणसं उगवली. वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून रस्त्यात उभी राहिली आणि एकेकीकडे बघत खणखणीत म्हणाली, "बापले पानी पाजाले जाई ऱ्हायनी ती. काय दखतस?" 

सुरुवातीला चाक डगमगलं. लीलाधर आपल्या काळ्या सायकलवर शेजारी आला आणि पोलीस ग्राउंडवर सांगायचा तेच त्याने सांगितलं, हँडल सैल धर, पुढे बघ. गावाबाहेर चढ लागला. पुना आणि मी पायवाटेने सरळ वर निघालो, माझी सायकल दोघांनी ढकलत. वळणावळणांवरून खाली बघावं तर बाप आणि लेक चढतायत. तिचा पदर वाऱ्यावर आणि तो कोरड्या घशाने काहीतरी सांगतोय, आणि ती हसतेय. मी ज्या वळणावर नक्की उतरलो असतो तिथे ती उतरली नाही. मला बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली, पण बरंच जास्त वाटलं.

आम्ही धोंड्याशी पोचलो आणि लगोलग ती दोघंही आली. प्रमिलाने ब्रेक दाबला, घामाने डबडबलेली, पाय टेकले आणि छागलीचा दोर सोडायला लागली.

लीलाधर पुढे आला नाही. तो सायकलीच्या मागे गेला आणि वाकून बघायला लागला.

"मांगलं चाक आजून आत शे," तो म्हणाला.

पुनाने माझ्याकडे पाहिलं. तहानेने बेशुद्ध पडायला आलेला माणूस चाक मोजत होता. पण प्रमिलाला ते बरोबर कळलं. तिने एक पायडल मारलं आणि सायकल धोंड्याच्या पुढे घेतली, अख्खी.

"आते?"

"आते उनी तू," तो म्हणाला, आता आलीस तू.

तो तिथेच मातीत बसला आणि ओंजळ पुढे केली. तिने छागल वाकवली. तो पीत राहिला, आणि पाणी कोपरांवरून गळत राहिलं, आणि डोळ्यांतलंही गळत होतं ते त्याने पुसलं नाही. मग तिने भाकरी मोडली आणि पहिला घास त्याला दिला. द्राक्षं दोघांनी एका घडातून खाल्ली. पुनाला दारू काही मिळाली नाही. तो ताक पिऊन बाभळीखाली झोपला आणि त्याचं काहीच अडलं नाही.

निघायची वेळ झाली तेव्हा प्रमिला रेंजर पुनाकडे द्यायला आली. पुनाने टायर चाचपला आणि तोंड वाकडं केलं.

"राहू दे," तो म्हणाला. "ठिगळ कच्चं वाटस. घाटमा मरी जासू मी. पुढला रविवारले लई जासू."

ते ठिगळ लीलाधरने लावलं होतं, त्यामुळे ते कच्चं असणं शक्य नव्हतं. प्रमिला उतारावरून घंटी वाजवत गेली आणि पुना साक्रीपर्यंत माझ्या कॅरिअरवर बसून आला, वर गातही होता.

पुढच्या रविवारी आम्ही सायकल आणायला गेलो आणि आणायची विसरलो. त्याच्या पुढच्या महिन्यातही विसरलो. आता दोन हंगाम झाले. पुना एसटीने साक्रीपर्यंत येतो, मग माझ्या कॅरिअरवर बसतो आणि दर वेळी सांगतो की आज नक्की नेणार. प्रमिलाला मूल नाही अजून. लोक बोलतात, पण तिच्या बापाने आशा सोडली असं मोरदऱ्यात कुणी म्हणू शकत नाही. दर महिन्याला तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वच्छलाबाईच्या ओट्यावर बसतो, पाणी नको म्हणतो आणि तहानलेला गावातून बाहेर पडतो. मागून रेंजर येते. धोंड्याशी पोचल्यावर प्रमिला आपणहून थोडी पुढे जाऊन थांबते, तरी लीलाधर आधी मागे जातो, वाकतो, चाक बघतो, आणि मगच ओंजळ पुढे करतो.