गोदा आणि एकतीस हजार माणसं

"आता हे तुला खरं वाटणार नाही," काळुराम काउंटरवर फोन आपटत म्हणाला, "पण आमच्या गोदेला आजपर्यंत एकतीस हजार माणसांनी पाहिलंय."

नौपाड्यातल्या त्या मोबाइलच्या दुकानात सुशांत एका फोनला काच चिकटवत होता. त्याने मान वर केली नाही. काउंटरपाशी उभ्या असलेल्या बाईंनी मात्र पर्स जवळ ओढून घेतली.

"कोण गोदा?" सुशांतने विचारलं.

"माझी बायको."

"रील बनवतात काकू?"

"रील नाही रे बाबा. नकाशात आहे ती. ऑनलाइन नकाशात. तुझ्या फोनवर उघडून दाखव, माझी एवढीच विनंती आहे. सकाळपासून हे तिसरं दुकान. डोंबिवलीतला पहिला म्हणाला नेटवर्क नाही. दुसरा म्हणाला चोवीस तास थांबा. अरे, गणपतीपासून थांबलोय, आता तुळशीचं लग्न झालं!"

काळुरामची एक अडचण होती, ती आधी सांगून टाकायला हवी. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नसे. चौतीस वर्षं त्याने डोंबिवली-कल्याणच्या घरांतले विजेचे मीटर वाचले. जिन्याखाली, संडासाच्या मागे, गोठ्याच्या कडेला जाऊन आकडे टिपायचे आणि पुढच्या दारात चहा मिळाला की मागच्या दाराची गोष्ट सांगायची, असा त्याचा धंदा. एका चाळीतला कुत्रा जितकी युनिटं तितक्या वेळा शेपटी हलवायचा, हे तो शपथेवर सांगे. एकदा महिन्याला सहाशे चाळीस युनिटं आली तेव्हा बिचारं जनावर तापाने आजारी पडलं म्हणे. असल्या माणसाच्या हाती म्हातारपणी पहिल्यांदाच एक खरी गोष्ट लागली होती, आकड्यासकट, आणि नेमकी तीच कोणाला दिसत नव्हती.

सुशांतने अखेर स्वतःचा फोन काढला. "बोला, कुठे बघू?"

"खडवली. नदीकाठचं देऊळ. फोटोंत जा."

"गेलो. दोनशे चौदा फोटो आहेत."

"खाली जा. हिरवी साडी, हातात पिशवी."

"खाली आलो. पोरं पोहतायत. कोणाचा तरी वाढदिवस. एक बकरी."

"आणखी खाली."

"आणखी खाली काही नाही काका. संपलं. पुन्हा बकरीच आली."

"बकरी दिसते आणि माझी बायको दिसत नाही?" काळुरामने आपला फोन त्याच्या नाकापुढे धरला. "मग ही कोण?"

त्याच्या फोनवर गोदा होती. देवळासमोर, अगदी मधोमध, देवळाला पाठ करून. एवढी मधोमध की मागचं देऊळ गडप झालेलं आणि फक्त कळस तिच्या डोक्यावर टोपीसारखा बसलेला. खाली लिहिलं होतं, तुमचा फोटो नकाशात जोडला गेला आहे, धन्यवाद.

"तुम्ही तुमच्या खात्यातून बघताय," सुशांत म्हणाला. "तुमचं तुम्हाला दिसणारच. लोकांना दिसतं का ते बघायचं तर आधी खात्यातून बाहेर यायचं, नाहीतर दुसऱ्याचा फोन घ्यायचा."

"मग धन्यवाद कसले म्हणतात?"

"मशीन आहे हो. ते सगळ्यांनाच म्हणतं."

"आणि ही एकतीस हजार माणसं? ती पण मशीनच का?"

हा प्रश्न मात्र सुशांतला पटला. काच चिकटवायचं काम बाजूला ठेवून त्याने काळुरामचा फोन हातात घेतला आणि एकेक फोटो उघडून बघायला सुरुवात केली. डोंबिवलीची बँक: पायऱ्यांवर गोदा, वेळापत्रकाची पाटी तिच्या खांद्यामागे. पाहिलं दोन वेळा. दवाखाना: गोदा, तिच्या पिशवीआड डॉक्टरचं अर्धं नाव. पाहिलं एकदा. कल्याणच्या किल्ल्याचा चौथरा, कळव्याचं मासळी मार्केट, एक पिठाची गिरणी, दोन पेट्रोल पंप. सगळीकडे गोदा, पहाऱ्यावर बसवल्यासारखी उभी. एकूण एकशे बारा फोटो. गोदा एकशे अकरा फोटोंत.

"हा बघा," सुशांत एकदम थांबला. "एकतीस हजार एकशे ऐंशी. एकूण एकतीस हजार दोनशे चारांपैकी एवढे या एकाच फोटोचे. हा माझ्याही फोनवर दिसतोय. लख्ख दिसतोय." आणि मग तो हसायला लागला. पर्सवाल्या बाईंनी वाकून पाहिलं आणि त्याही हसल्या.

फोटो स्टेशनजवळच्या सार्वजनिक शौचालयाचा होता.

त्या दिवशी काळुराम नेहमीसारखा म्हणाला होता, गोदा, उभी राहा. आणि चाळीस वर्षांच्या संसारात आवाज न चढवलेली गोदा भर रस्त्यात ओरडली होती, "इथे? मेले तरी उभी राहायची नाही!" मग त्याने नुसत्या दाराचाच फोटो काढला. पाटी स्वच्छ, दार स्वच्छ, दर वाचता येतील असे. घाईच्या वेळी माणूस दुसरं काय शोधणार? एकतीस हजार माणसांनी ते बघितलं आणि सुखाने आत गेली असतील.

"बाकीचे चोवीस?" काळुरामने हळूच विचारलं.

"बाकीच्या फोटोंचे सगळे मिळून चोवीस. ते तुम्हीच असाल काका."

चोवीसही वेळा तोच होता.

"असं आहे," सुशांत आता जरा मऊ झाला, "नकाशावाल्यांना जागा हवी असते. माणूस मध्ये आला की तो फोटो ते लोकांना दाखवत नाहीत. तुम्हाला कळवतही नाहीत. एक करा, काकूंना जरा बाजूला उभं करा. एकदम बाहेर. उद्याच दिसायला लागेल."

"काकूला बाजूला करायचं असतं," काळुराम म्हणाला, "तर मी फोटो काढलाच कशाला असता?"

सुशांत पुन्हा काच चिकटवायला लागला.

खरी भानगड पुढे होती. गोदेचं माहेर कळव्याचं. एके काळी मिठागरात राबणारं घर, आता तीन इमारतींचं मालक. तिथे आज संध्याकाळी तिच्या भाच्याची, विकीची हळद. त्या घरात भिंतभर फोटो होते, कपाटभर अल्बम होते, आणि गोदा त्यांत कुठेच नव्हती. कारण ठरलेलं. सगळे फोटोला उभे राहिले की कोणीतरी हाक मारणार, "ए गोदे, पिशव्या धर." गोदा पिशव्या धरायची, रडकी पोरं धरायची, चपला राखायची. एका अल्बममध्ये तिचं कोपर होतं. ते तिचंच, हे तिने बांगड्यांवरून ओळखलं होतं आणि काळुरामला दाखवलं होतं, कौतुकाने. पुढच्या रविवारपासून तो तिला घेऊन तिचे फोटो काढत गावभर हिंडायला लागला.

इथवर ठीक होतं. पण गणपतीत त्याने माहेरच्या ओटीवर बसून पंचवीस माणसांत तो एकतीस हजारांचा आकडा फेकला. गोदेची भावजय मालन, जिच्या हातात कायम नवा फोन, ती म्हणाली होती, "असं? मग विकीच्या हळदीला या भावजी, सगळ्यांसमोर माझ्याच फोनवर बघू." गोदा तेव्हा खाली मान घालून मोदकांना पाकळ्या काढत होती.

आज सकाळी मदतीला म्हणून कळव्याला निघताना ती एवढंच म्हणाली होती, "त्या फोटोंचं तिथे काढू नका हां." काळुरामला वाटलं, लाजते.

रिक्षाने खाडीवरचा पूल ओलांडेपर्यंत त्याने तीन गोष्टी रचल्या आणि तीनही टाकून दिल्या. पहिलीत उपग्रह बिघडला होता. दुसरीत नकाशाचा संप होता. तिसरीत त्याचा फोन खाडीत पडून एका बोयट माशाने गिळला होता. ती त्याला फार आवडली, पण फोन खिशात वाजत होता. कॉल मालनचाच होता.

"कुठे हाव भावजी? सगळी वाट बघतात!"

तो मांडवात शिरला तेव्हा पाच वाजत होते. डीजेवाले अजून वायरी जोडत होते. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण पाण्याचा घोट घेऊन पुढच्या धवल्याची तयारी करत होती. विकी पाटावर पिवळाधमक होऊन बसला होता आणि बायकांच्या घोळक्यात गोदा वाटीतली हळद कालवत होती. मालन फोन उंच धरून आली.

"आता दाखवा. कनच्या ठिकाणी बघू? खडवली ना? मी मघाशीच बघितलं. तिथे बकरी हाय."

बायका फिदीफिदी हसल्या. कोणीतरी म्हणालं, "गोदाक्का, तूच गो ती?" हसणं मोठं झालं. गोदेने वाटीतून हात काढला नाही.

काळुरामने खुर्चीच्या पाठीला धरलं. चौतीस वर्षांचा अनुभव गोळा केला आणि घसा खाकरला.

"बकरीच दिसणार," तो म्हणाला. "मुद्दाम ठेवलीय तिथे. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी बोलणार नव्हतो. मागच्या महिन्यात कंपनीचा फोन आला. मोठा साहेब. म्हणाला, काळुरामजी, तुमच्या मिसेसचा फोटो खाली घ्यावा लागतोय, माफ करा."

"का?" मालनने विचारलं.

"गर्दी! खडवलीचा रस्ता शोधायला लोक नकाशा उघडतात, गोदा दिसते, आणि बघतच राहतात. पुढचं वळण चुकतं. एका आठवड्यात सात गाड्या नदीत. एक तर दुधाचा टँकर. दोन दिवस नदी पांढरी वाहत होती, विचारा खडवलीत कोणालाही."

"अगो बाय!" एक म्हातारी म्हणाली. तिला नदीच्या पाण्याची काळजी वाटली असावी.

"मी म्हटलं, साहेब, असं कसं, तिच्या माहेरची माणसं बघतात. तर म्हणाला, फोटो पुसत नाही, तिजोरीत ठेवतो. एकशे अकराच्या एकशे अकरा. फक्त मोठ्या पाहुण्यांना दाखवतो. म्हणून तुमच्या फोनवर नाही मालनवहिनी. तुमच्या फोनचा दोष नाही."

लोक हसले. पण आता ते गोदेला हसत नव्हते, त्याला हसत होते, आणि काळुरामला एवढंच हवं होतं. विकी पाटावर डुलत होता. मालननेही फोन खाली घेतला. दुधाच्या टँकरपुढे तिचं काही चालेना.

"साहेब कनच्या भाषेत बोलला?" तिने शेवटचं विचारून बघितलं.

"मराठीत. त्याचं आजोळ—"

"काही फोन आला नाही," गोदा म्हणाली.

ती उठली होती. कोपरापर्यंत हात पिवळे. आवाज फार मोठा नव्हता, पण धवलारीणसुद्धा तोंडापाशी नेलेला पेला तसाच धरून थांबली.

"सात गाड्या न् टँकर! काय बोलता तुम्ही, वयाचा तरी विचार करा. माझा एक पण फोटो कोणाला दिसत नाही. शिमग्याच्या आधीच दर्शनाच्या फोनवर बघितलंय मी. पोरीने सगळं समजावून सांगितलं मला, मी मध्ये येते म्हणून."

दर्शना म्हणजे त्यांची मुलगी. काळुरामच्या हातून खुर्चीची पाठ सुटली.

"शिमग्याच्या आधी?" तो म्हणाला. "मग त्यानंतरचे इतके रविवार तू उभी का राहिलीस?"

"तुम्ही फोटो काढत होतात म्हणून."

"अगं, पण कोणी बघतच नव्हतं!"

"मला काय करायचीत ती एकतीस हजार माणसं?" गोदा वैतागली. एवढ्या लोकांत एवढं बोलावं लागलं याचाच तिला राग आला होता. "गणपतीत पण सांगणार होते, या माणसाचं तोंड बंद होईल तर ना! मालन, बाजूला ठेव तो फोन. पोराची हळद वाळतेय." मग तिने पायानेच एक प्लास्टिकची खुर्ची काळुरामकडे सरकवली. "आणि तुम्ही बसा. तोंड बघा किती उतरलंय. जेवलात पण नसाल. सकाळपासून किती दुकानं फिरलात?"

"एकच," काळुराम बसत म्हणाला.

"खोटं," गोदा म्हणाली.