अळ्यांचा विटाळ

मेलेल्या अळ्यांच्या वासानं हिंदुरावांनी शेडच्या दारातच नाक दाबलं आणि उभ्या उभ्या निकाल देऊन टाकला. "वहिनी, पाळीत आत गेला हुता न्हवं? इटाळ चालत न्हाय रेशमाच्या अळीला."

शिवलीलानं मान खाली घालावी, अशी त्यांची अपेक्षा असावी.

"गेले हुते की," ती म्हणाली. "दिवसातनं तीनदा तुतीचा पाला कोण घालणार हुतं? तुमी?"

हिंदुराव चॉकीवाले. अंडी उबवून, अळ्यांनी दोनदा कात टाकली की मंगळवेढ्याच्या वस्त्यांवर पोचत्या करायच्या, हा त्यांचा धंदा. अळ्या मेल्या की दोष विकत घेणाऱ्याचा, हाही त्यांचाच नियम. आणि शिवलीलाचा नवरा अमरेश, चांगला शिकलेला गडी, त्यानंही नंदीबैलासारखी मान हलवली. "पुढच्या बॅचला मी माणूस ठेवतो. तू शेडकडं फिरकू नगंस."

सासूबाई, शिवम्मा, त्या तर आधीपासूनच महिन्यातले चार दिवस शेडच्या दारात पहाऱ्याला बसायच्या. या महिन्यात त्या लेकीकडं गेल्या, म्हणून शिवलीला आत जाऊ शकली होती.

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तुती तिनं लावली होती, रॅक तिनं बांधले होते, आणि आता तिलाच दाराबाहेर काढायला निघाले होते. ती तडक आत गेली आणि अळ्या नीट बघायला लागली. उन्हानं मेलेली अळी तिला ओळखता यायची. ही तऱ्हा निराळी होती. एकाच दिवशी आणलेल्या अळ्या, पण काही बोटाएवढ्या, काही काडीएवढ्या, आणि अंगावर मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके. दहा-बारा अळ्या तिनं डबीत घातल्या आणि सोलापूरची एसटी धरली.

तिची शाळेतली मैत्रीण महेजबीन तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. तिनं अळ्या खलात वाटल्या, थेंबभर रस काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"अगं, हे बघ जरा."

शिवलीलानं पाहिलं. लांबट, चकचकीत दाणेच दाणे, आणि एकही हलत नव्हता.

"हा पेब्रीन," महेजबीन म्हणाली. "हे दाणे म्हणजे रोगाचं बी. पतंगाच्या मादीच्या पोटातनं अंड्यात उतरतं. म्हणून मादीनं अंडी घातली की तिला वाटून असंच बघायचं असतं. दाणे दिसले की सगळी अंडी जाळायची. कुणीतरी बघितलंच नाही बघ."

"आन् पाळीनं हुतंय का असलं काय?"

महेजबीन हसली. "माझी चालूच आहे. काच मीच धुतली आत्ता." मग तिनं बजावलं, "शेडमध्ये आधीचा रोग राहिला असला तरी होतो हं. याच अळ्या आणखी कुणी नेल्या असतील, तिथं बघून ये."

परतताना शिवलीला, हिंदुरावांकडनं याच खेपेच्या अळ्या नेलेल्या लालसाबभाईंच्या वस्तीवर उतरली. त्यांची शेड यंदा पहिल्यांदाच उभी राहिलेली, नवीकोरी. अळ्यांच्या अंगावर तेच ठिपके.

दुसऱ्या दिवशी तिनं मेल्याजिवंत सगळ्या अळ्या खड्ड्यात घालून पेटवल्या. धूर निघत होता तेवढ्यात हिंदुराव आले. नव्या अळ्या बदलून देतो म्हणाले, पण वहिनींनी शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही.

"लालसाबभाईंच्या अळ्या कशानं मेल्या?" शिवलीलानं विचारलं.

"त्यांनी वला पाला घातला."

"माझा इटाळ आन् त्यांचा वला पाला? रोग तर एकच हाय. सोलापूरला काचंवर बघून आले मी. त्यांची शेड नवी, त्यांच्या घरात बाप आन् तीन पोरं. बाईमाणूसच न्हाय तितं! रोग तुमच्या अंड्यातनं आलाय हिंदुराव."

हिंदुरावांनी अमरेशकडं पाहिलं. अमरेश पायातली वहाण बघत होता. पण उठल्या त्या शिवम्मा. त्या कालच लेकीकडून आल्या होत्या. त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं.

"पाळीत माझ्या सासूनं मला लिंगपूजेला बसवली हुती," त्या म्हणाल्या. "आमच्या लिंगायत धर्मात इटाळ न्हायच. देवाला चालत हुते मी. आन् ह्या माणसाच्या नादानं किड्यांसाठी सुनेला दाराबाहेर ठेवली. माझीच अक्कल गहाण पडली हुती."

शिवलीलानं शेड धुवायची ब्लिचिंगची बादली उचलली. "मादी तपासल्याचा कागद दावल्याबिगर आता या वस्तीवर कुणी अळी घेणार न्हाय," ती म्हणाली. "कागद आजच आणा. माझा पाळीचा तिसरा दिवस हाय, पण मी शेडमंदीच घावीन."