हॉयटचं झाड

माझ्या बायकोचा पहिला नवरा वारला त्याला पाच वर्षं झाली, पण आमच्या तळ्यावर अजून त्याचाच बोलबाला आहे.

हॉयट त्याचं नाव. आमच्या केंटकीत नाताळ संपला की घरातलं झाड कचऱ्यात टाकत नाहीत. बुंध्याला सिमेंटचा ठोकळा बांधून तळ्यात बुडवतात. फांद्यांत बारके मासे लपतात आणि त्यांना खायला क्रॅपी नावाचे चवदार मासे येतात. हॉयटच्या झाडाची जागा सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच्या बायकोची जागा म्हणून तिथे कुणी गळ टाकत नाही. त्याच्या झाडाखाली म्हणे ताटाएवढाले क्रॅपी असायचे. मेलेल्या म्हशीला मणभर दूध!

दोन वर्षांपूर्वी मी वेल्डाशी लग्न केलं. हॉयटच्या घरात राहतो, हॉयटची होडी चालवतो, तेवढं गिळलं. त्या झाडावर मात्र जाणार नाही, अशी शपथ घेतली होती. वेल्डाच्या ताटात एकदा तरी माझ्या स्वतःच्या जागेवरचा मासा पडायला हवा होता. जानेवारीत तीन देवदार तोडून मी माझे मी बुडवले.

एप्रिल आला. काठावरची डॉगवूडची झाडं फुलांनी पांढरीशुभ्र झाली, पाणी ऊबदार झालं, क्रॅपी अंडी घालायला वर आले. सगळ्यांच्या बादल्या भरल्या. माझ्या बादलीत नुसतं पाणी.

"काय अर्लिस, आज किती?" आमिषाच्या दुकानातल्या टर्मनने विचारलं.

"एकही नाही."

"हॉयटच्या झाडावर जा की लेका! तो काय वर येऊन हाकलणार आहे तुला?"

दुकानातले सगळे खो खो हसले. घरी आलो तर वेल्डाही तेच म्हणाली.

"अरे, या वर्षी तळलेले क्रॅपी खायला घालणार आहेस की नाही? जा ना हॉयटच्या झाडावर."

"जातो!" म्हणालो आणि दार आपटून निघालो.

चर्चचा कळस आणि पाण्याची टाकी एका रेषेत आली, हीच हॉयटच्या झाडाची खूण, तिथे होडी थांबवली. गळाला बारका जिवंत मासा लावून खाली सोडला. क्रॅपी आमिष खालून वर उचलतो, त्यामुळे दोरीवरचा तरंगा बुडत नाही, आडवा होतो. माझा तरंगा लगेच आडवा झाला. हिसका दिला तर क्रॅपीचा पातळ ओठ फाटतो, म्हणून हलक्या हाताने उचलला. चांगला वीतभर लांब, काळाभोर नर. मग दुसरा, तिसरा. तासाभरात अकरा झाले.

आनंद व्हायला हवा होता. पण प्रत्येक मासा हॉयट खालून हातात देतोय असंच वाटत होतं. 'घे बाबा, तुला काही जमत नाही ना!' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नांगर टाकला, फांद्यांत अडकवला आणि इंजिन सोडलं पूर्ण जोरात. कडाकडा आवाज झाला. झाड तुटून तुकड्या तुकड्यांनी वर आलं. तळाशी काही उरेना तोवर मी ओढत राहिलो.

मग पाहिलं. फांद्यांना अजून सुईसारखी पानं होती. ठोकळ्याची दोरी नवीकोरी, पिवळी. पाच वर्षं पाण्यात राहिलेलं झाड असं नसतं. म्हणजे हॉयटच्या नावावर दुसराच कुणी तिथे झाडं बुडवून माझ्या बायकोवर डोळा ठेवून होता!

वेल्डा मासे मक्याच्या पिठात घोळवत होती, तेव्हा मी विचारलं, "त्या जागेवर नवी झाडं कोण बुडवतं? टर्मन ना?"

"टर्मनला बुटाची नाडी बांधायला वाकता येत नाही, तो झाड बुडवतोय!" ती हसली. "मी बुडवते."

"हॉयटसाठी?"

"हॉयटचं झाड केव्हाच कुजलं रे. आपलं लग्न झालं तेव्हा तिथे नुसता चिखल होता. गेल्या दोन्ही नाताळांची आपली झाडं आहेत ती. तू आपला उथळ पाण्यात देवदार टाकत बसलास. म्हटलं, आपल्या माणसाला चार मासे मिळू देत."

"मग सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर बायकोच्या झाडावर बसायचं का, म्हणून महिनाभर फुगला असतास. एकदा बादली भरून आलास की सांगणार होते." तिने पहिला मासा तेलात सोडला आणि थांबली. "पण पाण्याखालचं झाड नवं आहे हे तुला दिसलं कसं?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. तिने शेगडी बंद केली. मासा तेलात तसाच राहिला.

दोन वर्षांत वेल्डाने आमच्या दोघांची तुलना एकदाही केली नव्हती. ती करेल म्हणून मीच रोज धास्तावून असायचो.

"हॉयटने माझं कधी काही मोडलं नव्हतं," ती म्हणाली.