पुलापलीकडचा तास

"डेलबर्ट, काहीतरी घोटाळा आहे. हे विमान बॉइझीहून साडेदहाला निघतं आणि स्पोकॅनला दहा पस्तीसला पोचतं!"

"मग सोड नाद, वर्ना," माझा नवरा म्हणाला. "पाच मिनिटांत पोचवतो म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

त्याला निमित्तच हवं होतं. स्पोकॅनला राहणारी त्याची थोरली बहीण आर्लीन नव्वदीची होणार होती. "यंदा आला नाहीस तर पुढचं काही सांगता येत नाही," असं तिने फोनवर त्याला स्पष्टच सुनावलं होतं. पण डोळे अधू झाले, लायसन्स गेलं आणि डेलबर्टने गावाबाहेर पाऊल टाकायचं सोडलं. जन्मभर बटाट्यांचा ट्रक चालवलेला माणूस. दुसऱ्याच्या हाती चाक देणं त्याच्या जिवावर यायचं. मी नेते म्हटलं तर म्हणायचा, "त्या घाटात तू? त्यापेक्षा मी चालत जातो."

"बहिणीपेक्षा स्टिअरिंग मोठं झालं का रे?" मी चिडलेच.

तो एकदम हसत सुटला. "अगं वेडे, पूल! रिगिन्सच्या पुढचा पूल!"

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साल्मन नदीवरचा तो पूल ओलांडला की वेळेचा पट्टा बदलतो आणि घड्याळ तासभर मागे जातं. त्या फुकटच्या तासात बाकीचे ड्रायव्हर डुलकी काढायचे. डेलबर्ट मात्र पुलापलीकडच्या कॅफेतून मला फोन करायचा. "रस्ता कोरडा आहे, कॉफी वाईट आहे, तू कशी आहेस?" दरवेळी तेच. मीही दरवेळी म्हणायची, "मजेत. लवकर ये." त्या फोनसाठी मी भांडी तशीच टाकून बसायची.

"म्हणजे विमान आपला तास वरच्यावर ओलांडणार," तो म्हणाला. "उजवीकडची खिडकी घे. नदी त्या बाजूला लागते."

"तुला दिसणार आहे थोडीच!"

"तू सांग ना. जन्मभर बोलतच आलीस."

इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. त्याचा विचार बदलायच्या आत मी दोन जागा घेऊन टाकल्या. मागे वळून बघते तर स्वारी थर्मास धुवायला लागलेली.

"कॉफी नेऊ देत नाहीत," मी म्हणाले. "आत जाताना थर्मास रिकामा लागतो."

"रिकामा थर्मास? हे लोक विमान तरी भरलेलं नेतात ना?"

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. विमान सुटताना त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. मी हसू दाबलं. थोड्या वेळाने खाली नदी दिसली.

"पूल आला," मी म्हणाले. खरं तर एवढ्या उंचीवरून पूल मलाही दिसत नव्हता.

त्याने मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मी ते तासभर मागे केलं. त्याने मूठ कानाला लावली.

"वर्ना? रस्ता कोरडा आहे. कॉफी वाईट आहे. तू कशी आहेस?"

पलीकडे बसलेली बाई बघतच राहिली. बघू दे. मीही मूठ कानाला लावली.

"मजेत," मी म्हणाले. "लवकर ये."

त्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता.